डायलच्या मागची बाजू

खानदेशात मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो. थोरला भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात बावीस वर्षे नोकरीला होता, तरी गेलो नव्हतो. अण्णा दर दिवाळीत चिपळूणला यायचा, त्यामुळे आपण जायची वेळ कधी आलीच नाही, असे मी स्वतःला सांगत असे. तो भाद्रपदात गेला. पौषात मी जळगावचे तिकीट काढले. सोबत एक पिशवी, दोन पुस्तके, आणि स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात त्याचे घड्याळ.

घड्याळाबद्दल आधी सांगायला हवे, कारण सगळा प्रवास त्याच्यासाठी झाला. मनगटावर बांधायचे, रोज चावी द्यावी लागणारे, स्टीलचे स्विस घड्याळ. वय सत्तरएक वर्षे. डायल काळी आणि तिच्यावरचे आकडे सोनेरी. अण्णाला जुन्या घड्याळांचा नाद होता, आणि नुसता नाद नव्हता, पारखही होती. त्याच्या मागे अशी वीस-बावीस घड्याळे राहिली. त्याची मुलगी मुग्धा पुण्यात असते. तिने ती सगळी एका जाणकार संग्राहकाला दाखवली. हे गृहस्थ व्यवसायाने दातांचे डॉक्टर. बाकीची घड्याळे त्यांनी दहा मिनिटांत बाजूला केली आणि हे एक घेऊन तासभर बसले. मग म्हणाले, ही काळी डायल मूळची असेल तर असे दुसरे घड्याळ मी आपल्याकडे पाहिलेले नाही. नंतर कुणी रंगवली असेल, तर हे एक चांगले चालणारे जुने घड्याळ, इतकेच.

मुग्धा म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, डायल जशी होती तशीच आहे."

डॉक्टर म्हणाले, "इतकी स्वच्छ काळी डायल इतकी वर्षं टिकत नाही. तुमच्या वडिलांना कुणी फसवलं असेल, किंवा..." आणि वाक्य तिथेच सोडले.

ते 'किंवा' मुग्धाच्या मनातून जाईना. घड्याळ विकायची तिला घाई नव्हती. पण आपला बाप रंगवलेली डायल मूळची म्हणून सांगत राहिला, असे कुणी म्हणू शकते, हे तिला सोसत नव्हते. तिने मला फोन केला. "काका, तुम्ही जाऊन या. घेतलं तिकडेच, दुरुस्त केलं असेल तर तिकडेच. कुणाला तरी माहीत असेल. जे असेल ते सांगा, पण नक्की सांगा."

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केले. घड्याळातले मला काही कळत नाही. डॉक्टरांना दाखवायला पुण्याला पाठवले ते दिवस सोडले, तर अण्णा गेल्यापासून रोज सकाळी आठला मी या घड्याळाला चावी देत होतो, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

जळगाव

चिपळूणची थंडीसुद्धा ओली असते. जळगावला सकाळी उतरलो तेव्हा कोरडी थंडी नाकात शिरली आणि ओठ दुपारपर्यंत फुटले. स्टेशनबाहेर चहा घेतला. पलीकडे केळीच्या घडांनी भरलेला ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर टपावर बसून दात घासत होता. आमच्याकडे केळीचे झाड परसात एखाद-दुसरे, सांडपाण्याच्या वाटेवर. इथे ते शेत भरून लावतात, हे मला पुस्तकातून माहीत होते. येताना गाडीच्या खिडकीतून उजाडताना ते पाहिले, तेव्हा आधी वाटले, जंगलच आहे.

अण्णाच्या वहीत जळगावचा एकच पत्ता होता: विठ्ठलभाऊ, नवी पेठ. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक फट. काचेच्या कपाटामागे सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर वर सरकवलेले भिंग. मी अण्णाचे नाव सांगितले. त्यांना अण्णा गेल्याचे कळले नव्हते. ते उठून उभे राहिले, परत बसले, मग म्हणाले, "चहा घ्या आधी."

घड्याळ हातात घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न डायलबद्दल नव्हता.

"काच कशानं घासली?"

मी कबूल केले. तेराव्याला अण्णाच्या फोटोजवळ ठेवायचे म्हणून मी काच आणि बाजूचे स्टील दात घासायच्या पावडरने चकचकीत केले होते.

"साहेब, घड्याळ म्हणजे समई नाही, सणाला घासायला." त्यांनी घड्याळ उजेडात तिरके धरले. "ह्या कडा बघा. कारखान्यातून निघताना अशा धारदार असतात. पॉलिश केलं की गोल होतात, आणि एकदा गोल झाल्या की देवही धार लावू शकत नाही. थोडक्यात वाचल्या तुमच्या. पुन्हा हात लावू नका."

मला शाळकरी पोरासारखे वाटले. ग्रंथालयात फाटके पुस्तक आले की आम्ही नवी बांधणी करून घ्यायचो आणि त्याचा अभिमान बाळगायचो. इथे उलटे होते. त्यांनी मला समजावून सांगितले: जुन्या घड्याळाची किंमत करणारा माणूस, त्याला किती कमी हात लागले ते पाहतो. मशीनवरचा नंबर आणि पेटीवरचा नंबर एकाच काळचे आहेत का, कडा शाबूत आहेत का, काटे मूळचे आहेत का. काट्यांत भरलेले रेडियम आणि आकड्यांवरचे रेडियम सारखेच पिवळे पडले आहे का. "आणि शेवटी डायल. बाकी सगळं बरोबर असलं आणि डायल रंगवलेली निघाली, तर गिऱ्हाईक नमस्कार करून जातं."

"मग ही?"

ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. "जुन्या काळ्या डायलवर ही सोनेरी अक्षरं छापलेली नसतात. खाली पितळ असतं, त्यावर काळा थर देताना अक्षरांपुरती जागा सोडतात. म्हणजे अक्षर काळ्याच्या खाली दिसायला पाहिजे, वर नाही."

"खाली आहे का वर?"

"मला खालीच दिसतंय. पण काळ्याला जी खोली पाहिजे ती नाही. ही कुणी रंगवली असेल, तर उस्तादानं रंगवली. वाटतंय म्हणून मी सांगणार नाही."

मग त्यांनी मागचे झाकण उघडले आणि आतली बाजू मला भिंगातून दाखवली. नुसत्या डोळ्यांना जिथे फक्त चकाकी होती, तिथे सुईने कोरल्यासारख्या बारीक खुणा होत्या. एक इंग्रजी अक्षर, एक त्रिकोण, एक आकडा, आणि सर्वांत खाली 'र' आणि त्याच्यापुढे टिंब. प्रत्येक घड्याळजी काम केल्यावर झाकणाच्या आत आपली खूण कोरतो, असे विठ्ठलभाऊंनी सांगितले. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. ती फक्त पुढच्या घड्याळजीसाठी असते.

"डायल काढली तर मागून कळेल?" मी विचारले.

"कळेल. पण मी नाही काढणार. ज्याची शेवटची खूण, तो हयात असेपर्यंत डायल त्यानंच उचलायची. माझ्या हातून ओरखडा गेला, तर तो माझा की त्याचा, कोण ठरवणार? आमच्यात असं करत नाहीत." त्यांनी झाकण लावले. "हा र म्हणजे धुळ्याचे रशीदभाई. डायल रंगवणारा त्यांच्यासारखा माणूस ह्या बाजूला झाला नाही."

"त्यांचा फोन?"

"होता. पोरांनी नंबर बदलून दिला, आता त्यांचा त्यांनाच पाठ नाही. तुम्ही जा. डायल काही फोनवर निघत नाही."

दीपनगर

धुळ्याच्या आधी दीपनगरला जायचे ठरलेले होते. अण्णाबरोबर काम केलेले चौधरी नाना तिथे राहतात. त्यांचा मुलगाही वीज केंद्रातच लागला, म्हणून वसाहत सुटली नाही. भुसावळहून निघालेल्या बसमधून वीज केंद्राच्या चिमण्या फार लांबून दिसू लागल्या. मी लहानपणी अण्णाची पत्रे वाचायचो, त्यात चिमण्यांच्या धुराचे वर्णन असे. वसाहतीत मात्र झाडी दाट होती आणि पानांवर करड्या धुळीचा पातळ थर.

नानांनी दार उघडले आणि माझ्याकडे नुसते पाहत राहिले. "आण्णाचे भाऊ व्हय? आवाज फोनवर ऐकला तवाच म्हटलं, तोच हाये. बसा ना मंग. जेयल्याशिवाय सोडत नाही."

अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. हिरवी, मोठी, बिया नसल्यासारखी वांगी. आमच्याकडे भरितात खोबरे किंवा दही असते. इथे हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि ते लाकडाच्या बडगीत ठेचून काढलेले. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी दोन घास खाल्ले आणि मला उचकी लागली.

"तिखट झालं काय?" नानांच्या पत्नीने, अक्कांनी, विचारले.

"नाही, छान आहे," मी म्हणालो आणि पुन्हा उचकी आली.

"आण्णाबी पयल्या दिवशी असंच म्हणाले व्हते," नाना म्हणाले. "छान आहे, छान आहे. अन् डोयातून पाणी."

जेवणानंतर नानांनी अण्णाचे जुने क्वार्टर दाखवले, बाहेरूनच. आता दुसरे कुटुंब राहते. खिडकीबाहेर भिंतीत लोखंडी चौकट बसवलेली होती. मी विचारले, ही कशाला?

"कूलरची. तुमच्याकडे नसते काय? खाली पाण्याची टाकी, बाजूनं गवत भरलेल्या जाया, आत पंखा. मे महिन्यात त्याच्याबिगर जीव जाईल. पोरं त्या टाकीत दिवसभर हात घालून बसतात, किती मारा."

चिपळूणला कूलर कोणी घेत नाही. दमट हवेत त्याचा उपयोग नाही. अण्णाने पत्रांत चिमण्यांबद्दल लिहिले, पण ज्याच्यासमोर तो बावीस उन्हाळे झोपला त्या यंत्राबद्दल कधी लिहिले नव्हते.

घड्याळ मी नानांच्या हातावर ठेवले. ते पाहताक्षणी त्यांनी ओळखले. "हे तर गार्डसाहेबाचं." भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे गार्डच्या घरून अण्णाने ते घेतले तेव्हा नाना बरोबर होते. "गार्डसाहेबांनी वीस वर्षं डब्यात ठेवलेलं. ऊन नाही, पाणी नाही. आण्णानं ते पायलं अन् आधी जाऊन हात धुऊन आले. मंग हातात घेतलं."

"तेव्हा डायल अशीच होती? काळी?"

"कायी कुळकुळीत. सोन्याची अक्षरं. मी सवता पायली. आण्णानं गार्डसाहेबाला सांगितलं, बाबा, हे विकू नका, हे फार मोठं हाये. गार्डसाहेब म्हणाले, मोठं हाये म्हणूनच तुम्हाले देतो. तुम्ही तरी सांगून घेता."

आजूबाजूच्या गावांतून लोक रविवारी अण्णाकडे घड्याळे दाखवायला आणायचे, असेही त्यांनी सांगितले. कुणाचे सासऱ्याचे, कुणाला लग्नात मिळालेले. अण्णा भिंग लावून बघायचा आणि आहे ते तोंडावर सांगायचा. बऱ्याच जणांना ते आवडायचे नाही. तरी पुढच्या रविवारी दुसरे कुणी येऊन बसायचे.

"मुग्धी कशी हाये? भिंगरी व्हती नुसती. बापाच्या मांडीवर बसून हे घड्याळ कानाला लावायची."

रात्री जळगावला परतल्यावर मुग्धाला फोन केला. नानांनी डायल काळीच पाहिली होती, हे सांगितले. ती इतकी आनंदली की मला थोडी भीती वाटली. "म्हणजे मूळचीच आहे ना, काका?"

"धुळ्याला जाऊन आल्यावर सांगतो," मी म्हणालो.

एरंडोल, धुळे

सकाळी जळगावहून धुळ्याची बस पकडायच्या गडबडीत आठ वाजून गेले आणि मी चावी द्यायला विसरलो. एरंडोलच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा आठवले. घाईघाईने घड्याळ काढले. चालू होते. हळूहळू चावी देत असताना शेजारच्या आसनावरची म्हातारी वाकून बघू लागली.

"बंद पडी गयं का?"

"नाही आजी, रोज चावी द्यावी लागते."

"रोज?" तिला ते पटले नाही. "आते तं बठ्ठा मोबाईलमा शे. मंग कसाले?"

सगळे मोबाईलमध्ये असताना हे कशाला, असे तिचे म्हणणे. तिने पिशवीतून एक केळे काढून मला दिले, बहुधा रोज चावी देणाऱ्या माणसाची दया आली असावी.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. माझ्यातल्या ग्रंथपालाला हे फार आवडले. गल्ली नंबर सापडली की दुकान सापडणार, असे वाटले. तसे दुकान सापडलेही, पण त्याला कुलूप होते. शेजारी भांड्यांना कल्हई करणारे गृहस्थ बसले होते.

"रशीदभाई? त्या पिंपळनेरले गयात, पोरगीकडे. थंडीमा तठेच ऱ्हातस. काय काम शे?"

मी घड्याळ दाखवले. त्यांनी हात पुसून ते घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "मंग जावा सकाळे. पिंपळनेरमा कोन्हालेबी इचारा, घडीवाला रशीदभाई."

रात्री लॉजशेजारच्या खानावळीत शेवभाजी मागवली. शेव फरसाणातली असते, तिची भाजी होते, हे मला ठाऊक नव्हते. लाल तर्रीत भिजलेली जाड शेव. या वेळी मी आधीच पाणी मागून घेतले होते. वाढणाऱ्याने विचारले, "कोकणातले का?" कसे ओळखले म्हणून विचारले, तर म्हणाला, "पाणी आधी मागितलं."

पिंपळनेर

साक्री सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येऊ लागतात. दोन दिवस सपाट, करडी जमीन पाहिलेल्या डोळ्यांना बरे वाटले. पिंपळनेरजवळ भाताच्या कापलेल्या खाचरांचे बांध दिसले आणि क्षणभर घरच्यासारखे वाटले. बसमधल्या बायकांच्या बोलीतले मात्र मला एकही वाक्य पुरते कळत नव्हते. त्यांच्या पाट्यांत रानातल्या कंदांचे वाटे होते.

रशीदभाईंची मुलगी शबाना शिवणकाम करते. दारातच तिचे मशीन, आणि आतल्या खिडकीपाशी, उजेडाच्या जागेवर, वडिलांसाठी एक ठेंगणे मेज. त्यावर पालथे घातलेले काचेचे दोन पेले आणि त्यांच्याखाली कुणाच्या तरी घड्याळाचे सुटे भाग. धूळ बसू नये म्हणून ही युक्ती.

रशीदभाई बारीक, पांढऱ्या दाढीचे, हात मात्र अजिबात न थरथरणारे. मी काही बोलायच्या आत त्यांनी घड्याळ घेतले, झाकण उघडले.

"मन्ही खूण शे." मग वर बघून, "साहेब कोठे शेतस?"

मी सांगितले. त्यांनी चिमटा खाली ठेवला. दोन्ही हात उघडे करून ओठांतल्या ओठांत काही म्हटले, हात तोंडावरून फिरवले. शबानाने मशीन थांबवले.

"चावी कोण देतं?" त्यांनी विचारले. मला नीट कळावे म्हणून आता ते सावकाश, शहरी मराठीत बोलत होते.

"मी. रोज आठला."

"घट्ट करता?"

"नाही. अडलं की सोडतो."

त्यांनी मान हलवली. मग मी सगळे सांगितले: पुण्याचे डॉक्टर, त्यांचे 'किंवा', विठ्ठलभाऊंनी डायल काढायला दिलेला नकार, नानांनी पाहिलेली काळी कुळकुळीत डायल. आणि मुग्धाला काय हवे आहे ते.

"डॉक्टरला पुढून नाही कळलं?" एवढेच त्यांनी विचारले. त्यात थोडा आनंद होता, तो त्यांनी लपवला नाही.

त्यांनी घड्याळाचे मशीन पेटीतून बाहेर काढले. काटे उचलले, एका पेल्याखाली ठेवले. बाजूचे दोन स्क्रू, माझ्या डोळ्यांना न दिसणारे, अर्धा-अर्धा फेरा सैल केले. डायल कागदासारखी सुटली. ती पालथी करून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि भिंग दिले. पितळेवर सुईने ओरखडून लिहिले होते: 'रंगवली. पाण्याने गेली होती.' खाली 'र' आणि टिंब, मे महिना, साल. मी हिशेब केला. त्या वर्षी मुग्धा सहा वर्षांची होती.

म्हणजे उत्तर मिळाले होते. नक्की उत्तर. मी भिंग खाली ठेवले आणि तिला फोनवर काय सांगायचे, ह्याचा विचार करू लागलो.

"थांबा," रशीदभाई म्हणाले. "अर्धं ऐकून जाऊ नका. मे महिना. साहेबांनी घड्याळ खिडकीत काढून ठेवलं, त्यावर ऊन आलं. पोरीनं हात लावला, चटका बसला. तिला वाटलं, घड्याळाला ताप आला. तिनं ते कूलरच्या टाकीत ठेवलं. घड्याळ बरं व्हावं म्हणून. संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही."

शबाना हसली, मग तोंडावर हात ठेवला.

"मशीन मी दोन दिवसांत साफ केलं. डायलवर मात्र तपकिरी डाग, अर्ध्यावर. मी साहेबांना सांगितलं, डाग राहू द्या. डागाची असली तरी मूळ डायल ती मूळ. मुंबईचे लोक असल्या डायली शोधत माझ्या दुकानात येतात. रंग लावला की वस्तू संपली. रंगवणं माझा धंदा, तरी मी नको म्हटलं. साहेब म्हणाले, रशीदभाई, ह्याची किंमत मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण पोरगी रोज सकाळी उठून डाग बघते आणि रडते."

"म्हणून रंगवली."

"मी तीन आठवडे घेतले. अक्षरं झाकली नाहीत, भोवतीनं काळा भरला. साहेब म्हणाले, पुढून अशी करा की पोरीला ओळखू येऊ नये. आणि मागे खरं लिहा. मी म्हटलं, मागे लिहून उपयोग काय, आत कोण बघतं? तर म्हणाले, कधीतरी कोणी विकत घ्यायला येईल, तो उघडून बघेल. घरात खोटं चालेल, बाजारात नको."

ते डायल परत बसवू लागले. "तेव्हापासून मी रंगवलेल्या प्रत्येक डायलच्या मागे लिहितो. धंदा थोडा बसला. व्यापाऱ्यांना नाही आवडलं." ते हसले. "साहेबांना सांगितलं, तुमच्यामुळे माझं नुकसान झालं. तर पुढच्या वेळी येताना केळीचा घड घेऊन आले. आख्खा घड. बसमधून."

काटे बसवून झाले. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी सुई घेतली आणि जुन्या 'र' शेजारी आणखी एक, अगदी लहान, 'र' कोरला. मी मजुरीचे विचारले, तेव्हा त्यांनी शबानाकडे पाहिले आणि ती म्हणाली, "जेवण तयार शे, काका."

पुणे

फोनवर मी मुग्धाला काही सांगितले नाही. येतो आणि सांगतो, म्हणालो. पुण्याला तिच्या घरी पोहोचलो तेव्हा ती ऑफिसला गेली नव्हती. मी रशीदभाईंच्या मेजावर काढलेला डायलच्या मागच्या बाजूचा फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. महिना आणि साल वाचले. मी कूलरचे सांगायला तोंड उघडणार, इतक्यात ती म्हणाली, "टाकी निळी होती."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मला आठवतंय सगळं. ताप उतरावा म्हणून ठेवलं होतं. नंतर घड्याळ बरेच दिवस घरात नव्हतं. परत आलं तेव्हा बाबांनी दाखवलं, बघ, काही झालेलं नाही. मला खरं वाटेना. मी रोज विचारायचे, बाबा, डायल बिघडली का? ते सांगायचे, जशी होती तशीच आहे." ती फोटोकडेच पाहत होती. "मोठी झाल्यावरही विचारायचे. सवयच झाली होती. ते दरवेळी तेच सांगायचे. काका, डॉक्टरांना ते वाक्य मी सांगितलं. बाबांनी कधी कुणा गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. ते फक्त मला होतं."

मग तिने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डायल रंगवलेली आहे, असे सरळ सांगितले. कशावरून, त्यांनी विचारले. मागे लिहिले आहे, ती म्हणाली, वडिलांनीच लिहायला लावले होते.

"मागे लिहिलंय?" डॉक्टर म्हणाले. "असं कुणी लिहीत नाही हो."

घड्याळ आता त्यांच्या संग्रहात बसणारे नव्हते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मात्र ती मागची बाजू एकदा डोळ्यांनी पाहायला मिळेल का, असे विचारले. मुग्धा म्हणाली, त्यासाठी पिंपळनेरला जावे लागेल. ती डायल दुसऱ्या कुणी उचलायची नाही.

घड्याळ मी तिच्या हातात दिले. चावी कशी द्यायची, कुठे थांबायचे, ते दाखवले. काच घासायची नाही, हेही सांगितले.

चिपळूणला येऊन आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी आठला माझा हात खिशाकडे जातो आणि परत येतो. मग फोन वाजतो. मुग्धाचा एका शब्दाचा निरोप असतो: 'दिली.' परवा तो आला नाही. मी पेपर वाचायचा सोडून बसून राहिलो. साडेनऊला आला: 'आत्ता दिली. चालू होतं.'